पुरात बुडालेली स्पोर्ट्स कार ओळखायची कशी? कोल्हापुरात वापरलेली गाडी घेण्याआधीची तपासणी

पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की बाजारात काही गाड्या अचानक दिसायला लागतात. कमी किलोमीटर पळालेली दोन दारांची जर्मन कूपे, चकचकीत पॉलिश, नवे सीट कव्हर, आणि किंमत बाजारभावापेक्षा तीन-चार लाखांनी कमी. एजंट सांगतो, "भावा, गाडीनं पाणी बघितलेलंच नाही. मालक परदेशी चाललाय म्हणून द्यायची आहे." मालक खरंच परदेशी चालला असेलही. पण तपासल्याशिवाय इसार देऊ नका. पुरात बुडालेली स्पोर्ट्स कार तुम्हाला घ्यायच्या दिवशी त्रास देत नाही. ती सहा महिन्यांनी, वर्षाने त्रास द्यायला लागते, आणि तोवर विकणारा फोन उचलायचा बंद झालेला असतो.

आपल्याकडे पूर म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा, दसरा चौक, सुतारवाडा, जामदार क्लब परिसर, सगळीकडे पाणी शिरलं. आणि आपला पूर मुंबईसारखा नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला पाणी भसकन आलं आणि बऱ्याच भागांतून दोन दिवसांत उतरलं. इथे पाणी हळू चढतं, मग दिवसचे दिवस तसंच उभं राहतं. त्यात शेतातला गाळ असतो, गटारीचं पाणी असतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये आठवडाभर अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी आणि रस्त्यावर तासभर चाकं भिजलेली गाडी, या दोन गोष्टींची तुलनाच होत नाही.

फक्त कोल्हापूरच्याच पुरातल्या गाड्या इथे येतात असंही नाही. चेन्नईत डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३, केरळात ऑगस्ट २०१८, हैदराबादेत ऑक्टोबर २०२०, चिपळुणात जुलै २०२१, बेंगळुरूत सप्टेंबर २०२२. बेंगळुरूला तर उच्चभ्रू वसाहतींच्या पार्किंगमधल्या महागड्या गाड्या पाण्याखाली गेल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. अशा गाड्यांपैकी विमा कंपनीने 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्ती परवडत नाही अशा, ठरवलेल्या गाड्या लिलावात निघतात, कोणीतरी त्या घेऊन दुरुस्त करतो आणि मग त्या दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. त्यात बेकायदेशीर काही नाही. बेकायदेशीर आहे ते लपवणं.

स्पोर्ट्स कारला पाणी जास्त का भोवतं

साध्या हॅचबॅकची जमिनीपासूनची उंची १६५-१७० मिलिमीटरच्या आसपास असते. स्पोर्ट्स कारची साधारण ११० ते १४०. म्हणजे ज्या पाण्यात स्विफ्ट नुसती ओली होते, त्या पाण्यात कूपेच्या दाराच्या उंबऱ्यावरून पाणी आत येतं. इंजिनची हवा घेण्याची तोंडंही खाली असतात. पोर्श बॉक्सस्टरला इंजिन मधोमध असतं आणि ते हवा घेतं दाराच्या मागच्या, मागील चाकापुढच्या जाळीतून. टर्बो गाड्यांचा इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी, तर बंपरच्या आतच बसलेला असतो.

इलेक्ट्रॉनिक्सची गोष्ट याहून वाईट. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटांच्या मधल्या बोगद्यावर, म्हणजे जवळजवळ फरशीवर असतो. जुन्या बॉक्सस्टरमध्ये इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, डबा सीटखाली असतो. बऱ्याच बीएमडब्ल्यूंची बॅटरी डिकीत. बीएमडब्ल्यूच्याच पहिल्या झेड४ मध्ये छत उघडणाऱ्या पंपाची मोटर मागच्या कोपऱ्यात, पाणी निचरा होण्याच्या खोबणीत बसवलेली असते आणि ती नुसत्या तुंबलेल्या नळीनेसुद्धा जाते. गाडीत घोट्यापर्यंत पाणी आलं तरी सगळ्यात महाग सामान आधी भिजतं, असा हा प्रकार आहे.

ऑडी टीटीसारख्या गाडीच्या बॉडीत ॲल्युमिनियम आणि पोलाद एकत्र जोडलेलं असतं. घाण पाणी त्या सांध्यांत अडकून राहिलं की दोन धातूंमध्ये गंज आतल्या आत चालू होतो. रंगकाम कितीही सुंदर करा, तो थांबत नाही. आणि सुट्या भागांचं काय? फोर्ड मस्टँगचंच घ्या. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायची घोषणा केली. आता त्या गाडीची वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, बदलायची म्हटलं तर बाहेरून मागवायची, वाट बघायची, आणि बसवणारा माणूसही शोधायचा.

पहिली पायरी: घरी बसून कागद

गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याकडून आरसीचा फोटो, चालू आणि मागच्या तीन वर्षांच्या विमा पॉलिसी, आणि सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या मागवा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आरसीबद्दल एक गैरसमज दूर करतो. अमेरिकेत पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का बसतो. आपल्याकडे आरसीवर असं काही लिहिलं जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते, पण दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आलेली गाडी त्या जाळीतून सहज निसटते. म्हणून 'आरसी क्लिअर आहे' याचा अर्थ 'गाडी कोरडी आहे' असा घेऊ नका.

तरी परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघाच. कितवा मालक, नोंदणीची तारीख, बँकेचा बोजा, विम्याची मुदत, सगळं ताडून घ्या. गाडी टीएन, केएल, टीएस किंवा केए पासिंगची असेल, आणि त्या भागात पूर येऊन गेल्यावर तीन-चार महिन्यांत ती विकली जाऊन एनओसी घेऊन महाराष्ट्रात आली असेल, तर सावध व्हा. एमएच ०९ किंवा एमएच १० असेल तर आरसीवरचा पत्ता बघा. तो पत्ता पूररेषेच्या आत पडतो का? आपल्या शहरातली निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते हे इथल्या माणसाला माहीत असतं. नसेल तर त्या गल्लीतल्या कोणत्याही दुकानदाराला विचारा, तो भिंतीवरची खूण दाखवेल.

आता विमा. सगळ्यात कामाचा कागद हाच. सलग बिनक्लेम वर्षांना नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. त्याच मालकाच्या नावावर २०२१ च्या मार्चमध्ये ३५ टक्के बोनस होता आणि २०२२ च्या मार्चमध्ये शून्य झाला, तर मधल्या पावसाळ्यात काय झालं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून मालक बदलला की तो तुटतोच. आणि काहींनी बोनस वाचवणारं वाढीव कव्हर घेतलेलं असतं, तिथे क्लेम होऊनही बोनस टिकतो. शंका आली तर मालकाला विमा कंपनीकडून क्लेमची माहिती लेखी आणायला सांगा. खऱ्या मालकाला एक ईमेल पाठवावा लागतो, एवढंच.

सर्व्हिस पावत्यांत किलोमीटर आणि तारखा जोडीने वाचा. जूनमध्ये १८,४०० किलोमीटर आणि पुढची नोंद थेट जानेवारीत १८,४५० ची, असं दिसलं तर गाडी सहा महिने कुठे उभी होती?

दुसरी पायरी: फोनवरचे प्रश्न

"गाडी पुरात होती का?" असं विचारू नका, उत्तर 'नाही' हेच येणार. विचारा, "दादा, २०१९ च्या आणि २१ च्या पुरात गाडी कुठं लावली होती?" ज्याची गाडी वाचली तो माणूस ते विसरलेला नसतो. पाणी वाढायला लागल्यावर त्याने ती रात्रीतून कुठे हलवली, कुणाच्या दारात लावली, कितीदा जाऊन बघितली, सगळं न विचारता सांगतो. जो फक्त "सेफ होती" एवढंच म्हणतो त्याची तपासणी दुप्पट करा.

तिसरी पायरी: आतलं अंग

सकाळच्या उजेडात जा. रात्री, पावसात किंवा नुकत्याच धुतलेल्या अवस्थेत गाडी बघू नका. काचा बंद करून गाडी अर्धा तास उन्हात ठेवायला सांगा, मग दार उघडून आधी नाक आत घाला. कुबट वास पावडर, परफ्यूमने दबतो पण जात नाही. हवा आतल्या आत फिरेल असं बटण दाबून हीटर पाच मिनिटं चालवा. एसीच्या नळ्यांत बसलेला वास बाहेर येतोच.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. धुणारा माणूस दिसणारा भाग धुतो, गुंडाळीच्या आतला पट्टा तसाच राहतो. त्यावर पाण्याची रेघ किंवा मातकट डाग दिसला तर पाणी किती उंच चढलं होतं तेही कळतं.

मग गालिचा. वरचा गालिचा नवीन टाकता येतो, पण खालचा जाड फोम महिनोन्महिने पाणी धरून ठेवतो. दाराजवळची पट्टी काढून फोममध्ये बोट घालून दाबा. सीट पुढे-मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघा. उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी अशाच एका कूपेची सीट माझ्यासमोर उतरवली होती. गाडी आतून शोरूमसारखी. पण बोल्टच्या आट्यांत पिठासारखा बारीक गाळ घट्ट बसलेला, आणि दाराचं आतलं पॅड काढल्यावर तळाच्या निचऱ्याच्या भोकात उसाच्या पाचटाचा तुकडा अडकलेला. मिस्त्री काही बोलले नाहीत, तुकडा फक्त चिमटीत धरून दाखवला. बंद दाराच्या आत पाचट वाऱ्याने जात नाही.

दाराचं एक पॅड काढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. विक्रेता नको म्हणाला तर तोही एक निकालच समजा. पॅड काढल्यावर स्पीकरच्या कागदावरची पाण्याची रेघ बघा, काचेच्या मोटरचा कनेक्टर बघा. डॅशबोर्डखाली मान घालून लोखंडी पट्ट्या आणि स्क्रूंची डोकी तपासा. केबिनच्या आत, जिथे पावसाचा थेंब पोहोचत नाही, तिथे गंज असण्याचं एरवी कारण नाही. डिकीत स्टेपनीचा खड्डा, जॅक, टूलकिट सगळं उचलून बघा.

उघड्या छताच्या गाडीत एक फरक ओळखायला शिका. निचऱ्याची नळी तुंबून गळती झाली असेल तर ओल एका बाजूला, छताच्या कोपऱ्याखाली असते आणि गाळ नसतो. ते दुरुस्त होतं, त्यासाठी किंमत कमी करून घेता येते. ओल दोन्हीकडे सारख्या उंचीवर असेल आणि सोबत गाळ असेल तर ते पुराचं पाणी.

चौथी पायरी: इंजिन

पाणी दाबलं जात नाही. हवेच्या जागी पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि पिस्टन वर आला की काहीतरी वाकतं, आणि ते बहुतेक वेळा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला धरणारा दांडा, असतं. कधी इंजिन जागेवर लॉक होतं. पण रॉड थोडासाच वाकला तर इंजिन पुन्हा चालू होतं, गाडी पळते, आणि पुढे कधीतरी महामार्गावर ताशी १२० ला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मागच्या मालकाने इंजिनच्या दुरुस्तीचं काम अर्धवट का सोडलं असेल, त्याचं कारणही विम्यात असतं. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान मिळतं, पण पाणी गेलेलं इंजिन चालू करायचा प्रयत्न केल्यामुळे झालेलं नुकसान सहसा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर लागतं. ज्याच्याकडे ते नव्हतं, त्याला खिशातून लाखो रुपये घालण्यापेक्षा गाडी विकणं परवडतं.

तपासायचं असं. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर नवा असेल तर डब्याचे कोपरे पुसून बघा, गाळ तिथे राहतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसतो का पाहा. बऱ्याच नव्या पोर्श आणि बीएमडब्ल्यूला ऑइलची काठीच नसते, पातळी स्क्रीनवर दिसते, म्हणून थोडं ऑइल काढून बघायला सांगा. इंटरकूलरच्या पाइपचा खालचा जोड सोडवला तर आतला गाळही सापडतो.

यानंतर कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांच्या आत हवेत. एकच सिलिंडर मागे पडत असेल तर बोअरस्कोप, म्हणजे नळीवरचा कॅमेरा, स्पार्क प्लगच्या भोकातून आत सोडा. रॉड वाकला असेल तर पिस्टन पूर्वीच्या उंचीपर्यंत जात नाही आणि कार्बनची रेघ इतर सिलिंडरांपेक्षा खाली दिसते. ही तपासणी विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजात करू नका. साधं यांत्रिक काम आपल्या शहरात उत्तम होतं, तो हात कोल्हापूरच्या मिस्त्रींना आहे. पण पोर्श, मर्सिडीझची एएमजी किंवा बीएमडब्ल्यूची एम गाडी यांच्यासाठी कंपनीचा स्कॅनर आणि ती गाडी रोज उघडणारा माणूस हवा असेल तर पुणे-मुंबई गाठा. गाडी तिथवर न्यायला मालक तयार हवा, खर्च तुम्ही करा.

पाचवी पायरी: गिअरबॉक्स, खालची बाजू, वायरिंग

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलला (चाकांना ताकद वाटून देणारा डबा) हवेसाठी वर एक छोटी नळी असते. गरम डबा एकदम थंड पाण्यात गेला की तो त्या नळीतून पाणी ओढून घेतो. दोन क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये हे पाणी म्हणजे मेकॅट्रॉनिक्सची, गिअर बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटची, वाट. दोन्हीकडचं ऑइल थोडं काढून काचेच्या बाटलीत बघा.

लिफ्टवर गाडी चढवल्यावर जुन्या गाडीला खालून ताजा काळा थर मारलेला दिसला तर त्याखाली काय आहे ते खरवडून बघा. हेडलाइटच्या आत वाफ किंवा मातीची रेघ, चाकाजवळच्या एबीएस सेन्सरचे जोड, सायलेन्सरचा आतला गंज, हे पाच मिनिटांत होतं.

वायरिंगला मात्र वेळ द्या. सीटखालचे आणि पायाजवळचे दोन-चार कनेक्टर सोडवून आतल्या पिना बघा. हिरवा-निळा थर किंवा पांढरी पावडर असेल तर पुढचं बघायचीही गरज नाही. हा गंज हळू वाढतो. आज हॉर्न, उद्या काच, परवा चालत्या गाडीत स्टिअरिंगची पॉवर. एअरबॅगचा दिवा इग्निशन दिल्यावर लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडणार की नाही याचा भरवसा नसलेली, शेकडो हॉर्सपॉवरची गाडी कुटुंबाला घेऊन चालवायची नाही. यावर तडजोड नाही.

सहावी पायरी: स्कॅन आणि चक्कर

स्कॅनर लावताना फक्त इंजिनचा नाही, सगळ्या मॉड्यूलचा, म्हणजे गाडीतल्या प्रत्येक कंट्रोल युनिटचा, रिपोर्ट छापून घ्या. एकाच वेळी अनेक मॉड्यूलमध्ये संपर्क तुटल्याचे आणि कमी व्होल्टेजचे कोड असतील तर पाण्याचा संशय घ्या. एकही कोड नसेल तर रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते दाखवणाऱ्या नोंदी, बघा. ते अपूर्ण असतील तर कोड कालच पुसलेले असण्याची दाट शक्यता आहे. मग आठवडाभराने पुन्हा स्कॅन करायची अट घाला.

चक्कर थंड इंजिनवर सुरू करा. पहाटे पन्हाळा रोडला चढण आणि वळणं मिळतात, कागलच्या दिशेने महामार्गावर वेग मिळतो. चाकाच्या बेअरिंगची घरघर, ब्रेक मारताना थरथर, गरम झाल्यावर गिअर अडखळणं, सगळं ऐका. गाणी बंद ठेवा आणि एजंटला मागच्या गाडीत बसवा.

सौदा करायचा की सोडायचा

माझं मत स्पष्ट आहे. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलेली स्पोर्ट्स कार फुकट मिळाली तरी घेऊ नये. सीटच्या बैठकीपर्यंत गेलेली, ज्याला स्वतः गाडी उघडून बांधायची हौस आणि ऐपत आहे त्यानेच घ्यावी, तीही सुट्या भागांच्या भावात. पाणी फक्त फरशीपर्यंत आलं असेल, मालकाने स्वतःहून सांगितलं असेल, आणि अधिकृत वर्कशॉपच्या दुरुस्तीच्या पावत्या असतील, तर विचार करता येईल. असा प्रामाणिक मालक भेटला तर त्याला चांगली वागणूक द्या, भावात फार ओढू नका.

व्यवहार ठरला तर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार करा. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, आणि 'ही गाडी कधीही पुरात किंवा पाण्यात बुडालेली नाही, तिच्यावर टोटल लॉस क्लेम झालेला नाही, तसं आढळल्यास पूर्ण रक्कम परत करीन' हे वाक्य विक्रेत्याच्या सहीने घ्या. एजंट म्हणेल, "साहेब, एवढं कोण लिहून देतंय?" ज्याची गाडी कोरडी आहे तो देतो. रक्कम बँकेतूनच द्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या आणि नावावर करायचं काम लगेच सुरू करा.

घेतल्यावर कळलं तर

गाडी चालवणं थांबवा आणि काहीही दुरुस्त करायला देऊ नका, पुरावा तोच आहे. अधिकृत वर्कशॉपमधून लेखी तपासणी अहवाल घ्या, गाळाचे आणि कनेक्टरचे फोटो तारखेसह काढा. मग वकिलामार्फत नोटीस पाठवा. गाडी व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतली असेल तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. खासगी मालकाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा मिळत नाही. तिथे फसवणुकीची पोलीस तक्रार आणि दिवाणी दावा हेच मार्ग, आणि त्या वेळी स्टॅम्प पेपरवरचं ते एक वाक्य वकील सगळ्यात आधी मागतो. ती गाडी तशीच पुढच्याच्या गळ्यात मारायचा सल्ला मात्र हमखास मिळेल. तो ऐकू नका. विकायचीच असेल तर अहवाल हातात देऊन, त्या भावात विका.